२९ स्क्वाड्रन म्हणजे नेमकी किती विमानं?

डेल्टाविंग

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला भारतीय हवाई दलाचं मिग-२१ हे लढाऊ विमान निवृत्त झालं. क्रमांक २३ 'पँथर्स' आणि क्रमांक ३ 'कोब्राज' या त्याच्या शेवटच्या दोन स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची पथकं. तेव्हापासून जिथे तिथे एकच जोडी ऐकू येते: मंजूर स्क्वाड्रन ४२, हातात २९. आकडा खरा आहे आणि काळजी करण्यासारखाही आहे. पण चर्चा अशी चालते जणू २९ पोती आहेत आणि प्रत्येकात सारखंच धान्य भरलंय. तसं नाही, म्हणून हा धागा.

आधी फोड. राफेलच्या दोन (अंबाल्याची १७ 'गोल्डन ॲरोज', हासिमाराची १०१ 'फाल्कन्स'), तेजसच्या दोन (४५ 'फ्लाइंग डॅगर्स', १८ 'फ्लाइंग बुलेट्स'), मिराज २००० च्या तीन, तिन्ही ग्वाल्हेरला. मिग-२९ च्या तीन. जॅग्वारच्या सहा: अंबाला, गोरखपूर, जामनगर, प्रत्येकी दोन. उरलेल्या सगळ्या सुखोई-३० एमकेआयच्या.

एका स्क्वाड्रनची पारंपरिक मांडणी १६ एकआसनी आणि २ दोनआसनी, मिळून १८. सोळा म्हणजे चार-चार विमानांच्या चार तुकड्या. दोनआसनी विमानं नव्या वैमानिकाला सोबत नेण्यासाठी आणि जुन्यांची ठरावीक काळाने परीक्षा घेण्यासाठी.

आता मुख्य मुद्दा. १८ पैकी रोज सकाळी उडण्याजोगी किती? कॅगच्या २०१५ च्या अहवालात सुखोईची सर्व्हिसेबिलिटी, म्हणजे उडण्याजोग्या विमानांचं प्रमाण, ५५ ते ६० टक्के होती, अपेक्षा ७५ टक्क्यांची. नंतर परिस्थिती सुधारली, पण गणितासाठी हे दोन आकडे उपयोगी आहेत. ७५ टक्क्यांनी १८ पैकी साडेतेरा विमानं मिळतात, ५५ टक्क्यांनी जेमतेम १०. फरक ३.६ विमानांचा. अशा चार स्क्वाड्रन ५५ वरून ७५ वर आणल्या तर १४.४ विमानं जास्त मिळतात. म्हणजे ७५ टक्क्यांनी चालणारी एक अख्खी स्क्वाड्रन आणि वर थोडी शिल्लक, तीही एकही नवं विमान न घेता.

माझं म्हणणं इतकंच की स्क्वाड्रन मोजण्याआधी उडती विमानं मोजा. नवं विमान यायला वर्षं लागतात, उभं असलेलं विमान सुट्या भागांनी आणि माणसांनी उडतं.

---

हँगर_चार

गणित पटलं. पण टक्केवारी वाचताना आधी भाजक विचारायचा.

समजा स्क्वाड्रनच्या नावावर २० विमानं आहेत. त्यातली ४ ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून होणाऱ्या दुरुस्तीला, डेपोत गेलीत आणि तळावरच्या १६ पैकी १२ उडतायत. ही सर्व्हिसेबिलिटी ६० टक्के की ७५? वीसने भागलं तर ६०, सोळाने भागलं तर ७५. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण तळावरच्या तंत्रज्ञांच्या कामाचं माप दुसरं आणि देशाच्या हाताशी किती विमानं आहेत त्याचं माप पहिलं. दोन वेगवेगळ्या अहवालांतले आकडे शेजारी ठेवून वाद घालणाऱ्यांनी एवढं तपासलं तरी निम्मे वाद मिटतील.

दुसरं, उडू शकणारं विमान आणि लढू शकणारं विमान यांत फरक असतो. रडार बंद पण इंजिन, हायड्रॉलिक्स, दिशादर्शन ठीक, असं विमान प्रशिक्षणाच्या फेरीला जाईल. ओआरपीवर, म्हणजे धावपट्टीच्या टोकाशी सज्ज ठेवायच्या जागी, चालणार नाही. तिथे जोडी सशस्त्र उभी, वैमानिक पूर्ण पोशाखात, काही मिनिटांत हवेत जायचं. त्या जोडीतलं एक सुरू करताना बिघडलं तर म्हणून तिसरं तयार. म्हणजे दहा उडत्या विमानांतली तीन इथेच गुंतली. सरावाला राहिली सात.

आणि एक विमान एका दिवसात दोनदा उडायचं तर मधे काय होतं तेही पाहा. विमान जागेवर आलं की चाकांना अडसर, अर्थिंगची तार, शस्त्रांना सुरक्षेच्या पिना, मग इंजिन बंद. तंत्रज्ञ गोल फेरी मारतात: इंधन, तेल किंवा हायड्रॉलिकची गळती, टायरवरचे काप, ब्रेकची झीज, कॉम्प्रेसरच्या पुढच्या पात्यांवर ओरखडे. इंधन भरणं, तेलाची पातळी, ऑक्सिजन, टायरमधला नायट्रोजन. मिग-२१ सारख्या विमानाला वेगळं काम म्हणजे ब्रेक पॅराशूट. बायसनच्या (मिग-२१ चं शेवटचं सुधारित रूप) शेपटीच्या बुंध्याशी जो नळकांड्यासारखा फुगवटा दिसतो, तो त्या पॅराशूटचा डबा. वापरलेलं पॅराशूट धावपट्टीच्या टोकाला सोडून देतात, गाडी ते उचलून आणते, आणि डब्यात घडी केलेलं दुसरं बसतं. ओलं झालेलं वाळवल्याशिवाय घडी करता येत नाही, त्यामुळे पावसाळ्यात त्याचा साठा जास्त ठेवावा लागतो. शेवटी प्रत्येक ट्रेडची, म्हणजे तंत्रज्ञांच्या प्रत्येक शाखेची, सही फॉर्म ७०० या विमानाच्या नोंदवहीवर, आणि त्याखाली वैमानिकाची. एक सही राहिली तर विमान जागचं हलत नाही.

हत्यारांचंही तसंच. प्रत्येक पान्याची फळीवर रंगवलेली जागा असते. पाळी संपताना एक जागा रिकामी दिसली तर ज्या ज्या विमानावर काम झालं ती सगळी थांबतात. पाना सापडला की मग पुढचं. बाहेरून बघणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. कंट्रोल रॉडच्या वाटेत अडकलेला एक स्क्रूड्रायव्हर विमान पाडू शकतो, म्हणून हा नियम आहे.

---

गगनवेधी

धाग्याच्या सूराशी मी सहमत नाही. सर्व्हिसेबिलिटी महत्त्वाची आहेच, पण तिने स्क्वाड्रनची कमतरता भरून निघते हे म्हणणं धोक्याचं आहे.

एक तर भूगोल. हासिमाराला चार विमानं जास्त उडती झाली म्हणून जामनगरच्या समुद्रावर कोणी जात नाही. स्क्वाड्रन म्हणजे एका ठिकाणी रुजलेली संस्था असते: तिचे शस्त्रसाठे, तपासणीची यंत्रं, त्या भागाचं हवामान आणि डोंगर ओळखणारे वैमानिक. चार तळांवर विखुरलेली साडेतीन-साडेतीन विमानं जोडून पाचवी स्क्वाड्रन होत नाही.

दुसरं, युद्धातलं नुकसान. ७५ टक्के सर्व्हिसेबिलिटीची स्क्वाड्रन पहिल्या दिवशी साडेतेरा विमानं देईल, पण पडलेलं विमान कुठल्याच टक्केवारीत परत येत नाही. तिथे मागे उभ्या असलेल्या स्क्वाड्रनच लागतात. ४२ हा आकडा दोन आघाड्यांचा विचार करून आलेला आहे, तो कमी करण्याची सबब म्हणून हे गणित वापरलं जाऊ नये.

---

ध्वनिभेद

गगनवेधी यांच्या 'रुजलेली संस्था' याला जोडून. विमानं जातात तेव्हा स्क्वाड्रन मरत नाही, तिची नंबर प्लेट बाजूला ठेवतात. मानचिन्ह, निशाण, युद्धातल्या नोंदी जपल्या जातात आणि नवं विमान आलं की त्याच नंबराने ती पुन्हा उभी राहते.

१८ स्क्वाड्रनचंच बघा. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर हल्ला झाला तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों याच स्क्वाड्रनच्या नॅट या छोट्या लढाऊ विमानातून एकटे लढले. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीर चक्र या स्क्वाड्रनच्या नावावर आहे. पुढे तिच्याकडे मिग-२७ आली, १५ एप्रिल २०१६ ला ती थांबली, आणि १ एप्रिल २०२० ला तेजससाठी सुलूरला पुन्हा उभी राहिली. चार वर्षं नंबर होता, विमान नव्हतं.

उलट उदाहरण ४५ चं. १ जुलै २०१६ ला बंगळुरूला तेजसची पहिली स्क्वाड्रन म्हणून ती उभी राहिली तेव्हा तिच्याकडे दोन विमानं होती. यादीत एक स्क्वाड्रन वाढली, हाती दोन विमानं. आणि १७ 'गोल्डन ॲरोज' १० सप्टेंबर २०१९ ला पुन्हा उभी केली, तर राफेलची पहिली पाच अंबाल्याला उतरली २९ जुलै २०२० ला. दहा महिने आधी. ते बरोबरच होतं, कारण इमारती, सिम्युलेटर, शस्त्रांची कोठारं, तंत्रज्ञांचं प्रशिक्षण हे सगळं विमानाच्या आधी तयार लागतं.

तेव्हा वर्तमानपत्रात 'स्क्वाड्रन उभी राहिली' असं वाचलं की पहिला प्रश्न हा: आज तिच्याकडे किती विमानं आहेत, आणि ती दिवसासाठी पूर्ण सज्ज आहे की रात्रीसाठीही?

---

डेल्टाविंग

गगनवेधी, भूगोलाचा मुद्दा मान्य. माझं गणित ४२ कमी करण्यासाठी नव्हतं. पण उलटंही तितकंच खरं: आज ४२ स्क्वाड्रन असत्या आणि त्या ५० टक्क्यांनी चालत असत्या, तर उडती विमानं ३७८. २९ स्क्वाड्रन ७५ टक्क्यांनी चालवल्या तर ३९१. दोन्हीकडे १८ धरून गुणाकार केलाय. आकड्याने समाधान मानायचं तर कुठल्या, एवढाच प्रश्न आहे.

हँगर_चार, ओव्हरहॉलला एका वेळी किती विमानं जावीत हे स्क्वाड्रन कसं ठरवते?

---

हँगर_चार

स्टॅगरने, म्हणजे विमानांच्या मुदती मागेपुढे ठेवून. हा विषय शौकिनांच्या चर्चेत क्वचित येतो, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक विमानाला ओव्हरहॉलपर्यंतची मर्यादा असते, तासांतही आणि वर्षांतही, जी आधी येईल ती. सुखोईच्या बाबतीत पहिली मोठी ओव्हरहॉल १,५०० तास किंवा १४ वर्षांनी. आता कागदावर एक आलेख काढा. आडव्या अक्षावर १८ विमानं, उभ्यावर प्रत्येकाचे शिल्लक तास. उत्तम स्थितीत ही तिरकी सरळ रेघ दिसते: एकाचे ८३ तास शिल्लक, पुढच्याचे १६६, त्याच्या पुढच्याचे २५०, शेवटच्याचे पूर्ण १,५००. दीड हजार भागिले अठरा, म्हणजे साधारण ८३ तासांची पायरी. एक विमान डेपोत जातं तेव्हा दुसरं परत येतं आणि रांग चालू राहते.

रेघेच्या जागी सपाट पठार दिसलं की गडबड. सात-आठ विमानांचे तास सारखेच उरलेत, म्हणजे ती एकाच काळात संपणार आणि स्क्वाड्रन अर्धी रिकामी होणार. हे टाळायला रोजच्या उड्डाणाची यादी करताना अभियंता सांगतो की हे विमान जास्त उडवा, ते कमी. वैमानिकाला वाटतं की अमुक विमान छान चालतं, तेच रोज मिळावं. तसं केलं की स्टॅगर बिघडतो.

खरी अडचण वर्षांच्या मर्यादेची. विमानं एकाच सुमारास आली असतील तर १४ वर्षं सगळ्यांची एकदम भरतात, तास कितीही उरलेले असोत. वर्षाला शंभराच्या आसपास तास उडवलं तर दोन्ही मर्यादा जवळजवळ सोबतच येतात. मग काही विमानं मुदतीआधी पाठवावी लागतात आणि त्यांचे शिल्लक तास वाया जातात. ते कोणालाच आवडत नाही, पण नऊ विमानं एका वर्षात गमावण्यापेक्षा परवडतं.

ही विमानं येतात ती आपल्या ओझरलाच. एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) नाशिक विभाग आणि शेजारी हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो, जो नागपूरच्या मेंटेनन्स कमांडखाली आहे आणि मिग-२९ व सुखोई दोन्ही हाताळतो. तिथे विमान रंग उतरवून उघडं करतात, पॅनेल आणि वायरिंगचे जुडगे निघतात, सांध्यांची एडी करंट आणि अल्ट्रासॉनिक तपासणी होते. तडा सहसा बोल्टच्या भोकाच्या कडेला सुरू होतो, रंगाखाली डोळ्याला दिसत नाही. वेळ खातं ते या उघडण्यानंतर सापडलेलं काम. यादीत नसलेला भाग बदलायचा निघाला आणि तो साठ्यात नसला की विमान जॅकवर उभं राहतं.

इंजिनाचं चक्र वेगळं. सुखोईच्या एएल-३१एफपी इंजिनाला ओव्हरहॉल १,००० तासांनी, एकूण आयुष्य २,०००. एका सुखोईला दोन, म्हणजे १८ विमानांना बसवलेलीच ३६ इंजिनं, वर राखीव. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी या इंजिनांतल्या बिघाडांची माहिती दिली होती. मोठा वाटा बेअरिंगच्या घर्षणातून तेलात येणाऱ्या धातूच्या कणांचा होता. हे कण पकडायला तेलाच्या वाटेत छोटा चुंबकी प्लग असतो. तो काढून पाहतात. काळसर मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. चकचकीत कपचे दिसले तर इंजिन उतरवायचं, चर्चा नाही. बेअरिंग उडताना तुटण्याआधी हा प्लग सांगतो, आणि म्हणून तो वेळेवर बघणं हे त्या विमानावरचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं काम आहे.

---

उत्तरवारा

सगळे विमानांबद्दल बोलताहेत. वैमानिक कुठे आहेत?

एका विमानामागे मंजूर वैमानिक १.२५, आणि २०१५ च्या सुमारास संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे आलेलं प्रत्यक्षातलं प्रमाण ०.८१. म्हणजे १८ विमानांच्या स्क्वाड्रनला साडेबावीस वैमानिक हवेत, या प्रमाणाने साडेचौदा. आता डेल्टाविंग यांचं ७५ टक्क्यांचं गणित लावा. साडेतेरा विमानं उडती आणि साडेचौदा वैमानिक. त्यात कोणी कोर्सवर, कोणी रजेवर, कोणी आजारी, कोणी ओआरपीवर, कोणी अजून रात्रीच्या उड्डाणाला पात्र नाही. विमान उभं का, याचं उत्तर कधी कधी हँगरमध्ये नसतंच.

सुखोईला तर प्रत्येक फेरीला दोन माणसं लागतात, मागे वेपन सिस्टिम ऑपरेटर किंवा दुसरा वैमानिक. विमानं वाढवण्याच्या घाईत हे प्रमाण मागे पडलं तर पैसे धावपट्टीवर उभे करून ठेवल्यासारखं होईल. चांगला लढाऊ वैमानिक तयार व्हायला विमान बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

---

शेपटीक्रमांक

फोटोवरून कोणत्या प्रकारची विमानं आहेत हे ओळखायचं तर शेपटीवरची अक्षरं बघा. एसबी म्हणजे सुखोई-३० एमकेआय. केएफ मिराजचं एकआसनी, केटी दोनआसनी. एलए तेजस. जेएस जॅग्वार, जेएम त्याचा सागरी प्रकार. सीयू दिसलं तर बायसन, आता संग्रहालयातच. राफेलवर एकआसनीला बीएस आणि दोनआसनीला आरबी, दोन माजी हवाई दलप्रमुखांच्या, बीरेंदर सिंग धनोआ आणि राकेश भदौरिया यांच्या आद्याक्षरांवरून. ३६ पैकी बीएस २८, आरबी ८.

क्रमांकांवरून एकूण विमानं मोजायचा मोह होतो. करू नका, क्रमांक सलग वापरले जातातच असं नाही. आणि एक मनापासून विनंती: एअर शो, परेड, अधिकृत छायाचित्रं यांपुरतं ठीक आहे. तळाच्या कुंपणाबाहेरून घेतलेले ताजे फोटो, आज कुठलं विमान कुठे उतरलं, असलं काही इथे टाकू नका.

---

हँगर_चार

सुट्या भागांचं राहिलं होतं. भाग मिळत नाही तेव्हा शेजारच्या उभ्या विमानाचा काढून लावतात. याला कॅनिबलायझेशन म्हणतात. एका विमानाला तातडीने हवेत पाठवायला हा सोपा मार्ग वाटतो, पण मजुरी मोजा.

नेहमीची पद्धत: बिघडलेला भाग काढा, नवा बसवा. दोन कामं, एक चाचणी. कॅनिबलायझेशन: पहिल्यातून बिघडलेला काढा, दुसऱ्यातून चांगला काढा, पहिल्यात बसवा, महिन्यांनी भाग आला की दुसऱ्यात बसवा. चार कामं, दोन चाचण्या. त्यात चांगला भाग काढताना सील फाटतो, कनेक्टरची पिन वाकते, वायरचं आवरण घासतं. आणि ते दुसरं विमान जितकं उभं राहतं तितके त्याचे आणखी भाग जातात. काही महिन्यांनी ते परत जोडायचं म्हणजे अर्धं विमान नव्याने बांधायचं. शिवाय मूळ बिघाडाची नोंद नीट झाली नाही तर कागदावर भागाचे तास चुकतात, आणि हा दोष सगळ्यात उशिरा सापडतो.

जॅग्वारवर हे संकट जास्त आहे कारण आता ते उडवणारे जगात आपणच उरलोत. म्हणून फ्रान्सने निवृत्त केलेल्या जॅग्वारचे सांगाडे सुट्या भागांसाठी आणले गेले, मिराजसाठीही तेच केलं. ती विमानं उडवायला आणलेली नाहीत हे बातमीत नीट लिहिलं जात नाही, आणि लोक ती स्क्वाड्रनच्या संख्येत धरतात.

एक वेगळा मुद्दा जाता जाता. रशियन विमानं धुळीच्या धावपट्टीसाठी किती विचार करून बांधलीत ते मिग-२९ आणि सुखोई शेजारी ठेवून पाहा. जुन्या मिग-२९ चं इंजिन सुरू झालं की पुढचं हवेचं तोंड दारानं बंद होतं आणि पंखाच्या मुळाशी वरच्या बाजूला असलेल्या झडपांतून हवा येते, म्हणजे जमिनीवरचा खडा आत जातच नाही. सुखोईत त्याऐवजी चाकं खाली असताना जाळी वर येते. एक खडा कॉम्प्रेसरच्या पात्याला लागला की इंजिन उतरवावं लागतं. या जाळीने किती विमानं उडती राहिली असतील ते कुठल्या टक्केवारीत दिसत नाही. तरीही सकाळी धावपट्टी झाडणं आणि रांगेत चालत खडे वेचणं सुटत नाही.

---

ध्वनिभेद

'२९ पोती, सारखं धान्य' यावर मिग-२१ चंच उदाहरण घ्या. १९६३ मध्ये २८ 'फर्स्ट सुपरसॉनिक्स' पासून २०२५ पर्यंत 'मिग-२१ ची स्क्वाड्रन' हे शब्द तेच राहिले, विमान मात्र बदलत गेलं.

टाइप ७७ म्हणजे मिग-२१ चा एफएल हा जुना प्रकार. अंगात तोफ नव्हती. क्षेपणास्त्रं दोन, ती चुकली तर हातात काही नाही. मग पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पॉड बसवला, आत जीएसएच-२३, दोन नळ्यांची, २०० गोळ्या. पण पॉड जिथे बसतो तीच जागा मधल्या इंधन टाकीची. तोफ घेतली की टाकी सोडा, टाकी घेतली की तोफ सोडा. १९७१ मध्ये ढाक्यावर गेलेली ती हीच एफएल. १४ डिसेंबरला गव्हर्नमेंट हाउसवर २८ स्क्वाड्रनने ५७ मिमीची रॉकेट्स डागली होती.

बायसन म्हणजे मिग-२१ च्या बिस या नंतरच्या प्रकाराचं सुधारित रूप, १२५ विमानं. कोप्यो रडार, आर-७३ आणि आर-७७ क्षेपणास्त्रं, हेल्मेटवरचं लक्ष्यसाधन. पंख तेच २३ चौरस मीटरचे. म्हणून उतरण्याचा वेग जास्तच राहिला आणि चूक सावरायला वेळ कमीच मिळाला. एफएलची स्क्वाड्रन आणि बायसनची स्क्वाड्रन यादीत प्रत्येकी एकच धरली जायची. शत्रूच्या वैमानिकासाठी त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

म्हणून आज मिग-२१ च्या दोन स्क्वाड्रन गेल्या हे दुःख आहेच, पण त्यांच्या जागी राफेलची एक आली तर आकडा एकने कमी दिसेल आणि मारा वाढलेला असेल.

---

गगनवेधी

मारा वाढतो हे मान्य. पण राफेल एका वेळी एकाच ठिकाणी असतं हेही लक्षात ठेवा.

आता पुढचा हिशोब करू, तेजस मार्क १ए या सुधारित तेजसचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ चा करार, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ चा. एकूण १८०. अठराने भागून लोक लगेच दहा स्क्वाड्रन म्हणतात.

---

डेल्टाविंग

दहा नाही. पहिल्या तेजसचा दाखला घ्या: ४० विमानं, दोन स्क्वाड्रन. म्हणजे स्क्वाड्रनमागे २०. सुखोईची एकूण २७२ मागवली होती, तिथे विभागणी २० च्याही थोडी वर जाते. जास्तीची विमानं ओव्हरहॉलमधली रिकामी जागा भरायला आणि अपघातात गेलेल्यांच्या बदल्यात लागतात. तेव्हा १८० म्हणजे नऊ धरा. राफेलची ३६ मध्ये दोन बसवली, तिथे राखीव जवळजवळ नाही. म्हणूनच त्या करारात ७५ टक्के उपलब्धतेची हमी लिहून घेतली होती.

वेगाचं म्हणाल तर एचएएलच्या बंगळुरूच्या विमानबांधणीच्या दोन रांगा मिळून वर्षाला १६ आणि नाशिकची तिसरी ८, अशी क्षमता २४ ची. नाशिकच्या रांगेतलं पहिलं मार्क १ए १७ ऑक्टोबर २०२५ ला उडालं. रांग भरून चालली तर दहा महिन्यांत एक स्क्वाड्रन.

---

हँगर_चार

'भरून चालली तर' यातच सगळं आहे. मार्क १ए ची एफ४०४-आयएन२० इंजिनं ९९ मागवली ऑगस्ट २०२१ मध्ये, पहिलं हातात आलं मार्च २०२५ मध्ये. बाकी सगळं तयार असलेला सांगाडा इंजिनाविना रांगेत उभा राहतो, आणि त्याच्या मागचा पुढे सरकत नाही.

म्हणून पुढची दोन-तीन वर्षं विमानं किती बाहेर पडली याच्या आधी इंजिनं किती आली ते बघा. एक इंजिन, एक विमान, पण राखीव वेगळी. इंजिनांची संख्या विमानांइतकीच राहिली तर पहिल्या दोनशे तासांतच कुठल्यातरी विमानाचं इंजिन काढून दुसऱ्याला लावायची वेळ येईल, आणि ते चार कामांचं गणित वर लिहिलंच आहे. त्यानंतर रडार आणि ईडब्ल्यू (इलेक्ट्रॉनिक युद्ध) संचाची जोडणी, मग शस्त्र सोडण्याच्या चाचण्या. स्क्वाड्रन उभी राहण्याच्या समारंभाच्या बातमीत यातलं काहीच नसेल. तेव्हा तिथे विचारायचे प्रश्न ध्वनिभेद यांनी दिलेलेच, फक्त तिसरा जोडा: राखीव इंजिनं किती?

---

उत्तरवारा

आणि चौथा. नव्या विमानावर रूपांतराच्या प्रशिक्षणाला वैमानिक कोणत्या स्क्वाड्रनमधून घेतले, आणि तिथे त्यांच्या जागी कोण आलं?